नोकरीसाठी बेंगळुरूला चाललात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराड-सांगलीकडच्या एखाद्या मुलाला बेंगळुरूत नोकरी लागली की त्याच्या वडिलांना कुठून तरी माझा नंबर मिळतो. "आमचा पोरगा तिकडं येतोय, जरा बघा," असा फोन येतो. मग मुलाचा मेसेज येतो आणि प्रश्न तेच असतात. दर वेळी तेच टाइप करून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. मी २०१६ साली इथं आलो. चार घरं बदलली आणि त्यातल्या दोन घरांनी मला चांगलाच धडा शिकवला. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिला महिना कशातही अडकू नका. घर, डिपॉझिट, गाडी, फ्रिज हे सगळं दुसऱ्या महिन्यात.

ऑफर लेटर हातात आलंय. निघायच्या आधी काय पक्कं करू?

ऑफिसचा नेमका पत्ता. पत्रात "बेंगळुरू" एवढंच लिहिलेलं असतं आणि कंपनीची ऑफिसं शहराच्या तीन टोकांना असतात. व्हाइटफील्ड पूर्वेला, इलेक्ट्रॉनिक सिटी दक्षिणेला, मान्यता टेक पार्क उत्तरेला नागवाऱ्याजवळ, कारखान्यांचं पीण्या वायव्येला. एचआरला स्पष्ट विचारा, "मी रोज कुठल्या इमारतीत बसणार, आणि आठवड्यातून किती दिवस?"

दुसरं, पगाराची तारीख विचारा. बऱ्याच कंपन्यांत महिन्याच्या मध्यानंतर रुजू झालं की तो पगार पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर येतो. म्हणजे २० तारखेला रुजू झालात तर जवळजवळ सहा आठवडे घरच्या पैशांवर काढायचे. सामान हलवायचा खर्च कंपनी देणार असेल तर तो बहुतेक जीएसटीच्या पक्क्या बिलावरच मिळतो. ओळखीच्या टेम्पोवाल्याची चिठ्ठी कुणी घेत नाही. आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर हे पैसे परत मागतात का, तेही पत्रात शोधा. बारीक अक्षरात असतं.

जी नोकरी तुमच्याकडूनच "ट्रेनिंग फी" किंवा "लॅपटॉपचं डिपॉझिट" मागते ती नोकरी नव्हे. तिथे जाऊच नका.

बसने येतोय. उतरू कुठे?

पुणे-सातारा-कोल्हापूरकडून येणाऱ्या गाड्या तुमकूर रस्त्याने शहरात शिरतात. सगळे मॅजेस्टिकपर्यंत, म्हणजे शहराच्या मध्यावरच्या मुख्य बसस्थानकापर्यंत, झोपून राहतात आणि मग उलटे मागे येतात. पीण्या, यशवंतपूर, मल्लेश्वरम भागात जायचं असेल तर गोरगुंटेपाळ्याला उतरा. तिथे हिरव्या मार्गाचं मेट्रो स्टेशन आहे. पहाटे उतरल्यावर सामान बघून रिक्षावाले सांगतील ते भाडं मुकाट्याने देऊ नका. चहा नाही तर कॉफी घ्या, थोडं उजाडू द्या, मग मेट्रोने जा.

रेल्वेने येणाऱ्यांनी तिकिटावरचं स्टेशन नीट वाचावं. केएसआर बेंगळुरू म्हणजे मॅजेस्टिकजवळचं जुनं मुख्य स्टेशन. एसएमव्हीटी बेंगळुरू पूर्वेला बैय्यप्पनहळ्ळीकडे आहे. यशवंतपूर आणखी तिसरीकडे.

ऑनलाइन फोटो बघून घर आधीच पक्कं करून येऊ का?

नको. "मी लष्करात आहे, बदली झाली, टोकन पाठवा म्हणजे गेट पास करतो" ही इथली जुनी फसवणूक आहे आणि अजून चालते. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

पहिला महिना पीजीत काढा. पुण्यात ज्याला कॉट बेसिस म्हणतात तेच हे, फक्त बहुतेक ठिकाणी जेवणासकट. खोलीत दोघं की तिघं त्यावर भाडं ठरतं. पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा. सोडताना किती दिवस आधी सांगायचं? आणि डिपॉझिटमधून "मेंटेनन्स" म्हणून किती कापणार? संध्याकाळी साडेआठला जा, जेवण चाखा आणि तिथे राहणाऱ्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन "पाणी किती वाजता जातं?" एवढंच विचारा. मालक जे सांगत नाही ते तो दोन मिनिटांत सांगतो.

कुठल्या भागात राहावं?

या प्रश्नाचं उत्तर शहरात नाही, तुमच्या ऑफिसच्या गेटमध्ये आहे. इथे अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, मिनिटांत मोजतात. सिल्क बोर्ड, हेब्बाळ, केआर पुरमजवळची टिन फॅक्टरी, या तीन कोंडीच्या चौकांपैकी एक जरी तुमच्या रोजच्या वाटेवर असेल तर घर कितीही छान असू दे, सोडून द्या.

मेट्रोमुळे हिशेब बराच बदललाय. जांभळा मार्ग ऑक्टोबर २०२३ मध्ये चल्लघट्टापासून व्हाइटफील्डपर्यंत सलग सुरू झाला. त्यामुळे व्हाइटफील्डला नोकरी असली तरी इंदिरानगर किंवा थेट विजयनगरमध्ये राहणं शक्य झालं. विजयनगर हा जुना मध्यमवर्गीय भाग आहे आणि भाडंही त्या मानाने बरं. पिवळा मार्ग ऑगस्ट २०२५ मध्ये आरव्ही रोड ते बोम्मसंद्र असा सुरू झाला आणि इलेक्ट्रॉनिक सिटीवाल्यांची सिल्क बोर्डच्या चौकातून सुटका झाली. त्यांनी जयनगर, बनशंकरी बघावं. आरव्ही रोडला गाडी बदलली की झालं. बाहेरच्या रिंग रोडवर, म्हणजे बेळ्ळंदूर आणि मराठहळ्ळीच्या पट्ट्यात मात्र मेट्रोचं काम अजून चालू आहे. तिथे ऑफिस असेल तर चालत जाता येईल एवढ्या अंतरावर राहा.

हो, मराठहळ्ळी. नाव ऐकून दर वर्षी कुणीतरी विचारतं, "तिथे आपली माणसं जास्त का?" नाही. तिथे कंपन्या जास्त.

घर पक्कं करण्याआधी एकदा ती वाट मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी नऊला करून बघा. रविवारी दुपारी घर दाखवणारा दलाल "फक्त पंधरा मिनिटं" म्हणतो, आणि रविवारी ते खरंही असतं.

पत्ता सापडत नाही. "फर्स्ट क्रॉस, सेकंड मेन" म्हणजे काय?

नियोजन करून वसवलेल्या भागात एका दिशेचे रस्ते "मेन" आणि त्यांना छेदणारे "क्रॉस". त्यावर स्टेज, ब्लॉक, फेज, सेक्टर. गोम अशी की ५वा क्रॉस प्रत्येक भागात असतो, आणि जेपी नगरला सेकंड फेज म्हणायचं विसरलात तर भलत्याच टोकाला पोहोचता. आईवडिलांना पत्ता पाठवताना सगळे आकडे लिहा आणि जवळच्या देवळाचं किंवा दवाखान्याचं नाव जोडा.

डिपॉझिट म्हणे दहा महिन्यांचं?

पूर्वी तीच रीत होती आणि काही घरमालक अजून तेच मागतात. आता पाच-सहा महिन्यांवर बऱ्याच ठिकाणी जमतं. पुण्यामुंबईच्या सवयीने दोन-तीन महिन्यांचे पैसे घेऊन आलात तर मात्र पंचाईत होईल.

समजा भाडं २२,००० रुपये. सहा महिन्यांचं डिपॉझिट १,३२,०००. पहिल्या महिन्याचं भाडं २२,०००. दलालामार्फत घेतलं तर त्याचे साधारण एका महिन्याचे २२,०००. झाले १,७६,०००, आणि घरात अजून गादीसुद्धा नाही. म्हणून आधी पीजी. तोवर एखादा पगार होतो, ऑफिसातल्या फळ्यावर किंवा ग्रुपवर कुणाचं तरी घर सुटतंय असं कळतं आणि दलाली वाचते.

घासाघीस करायची तर भाड्यावर करू नका, डिपॉझिटवर करा. मालक भाड्याचे हजार रुपये सोडायला कुरकुरतो, पण नोकरी चांगली आहे आणि माणूस टिकेल असं वाटलं तर डिपॉझिटचा एखादा महिना सहज सोडतो. भाडं वर्षाला एक लाखाच्या वर जात असेल आणि घरभाडे भत्त्याची सवलत घ्यायची असेल तर मालकाचा पॅन लागतो. ही सवलत नव्या करपद्धतीत मिळत नाही. पॅन द्यायची तयारी आहे का ते करार करण्याआधी विचारा. मागाहून विचारलं की मालकाचा चेहरा बदलतो.

पाटीवर "फॉर लीज" लिहिलंय. म्हणजे भाड्यानेच ना?

नाही, इथेच आपली माणसं फसतात. इथे "रेंट" म्हणजे महिन्याचं भाडं. "लीज" म्हणजे एकरकमी मोठी रक्कम, कित्येक लाख, मालकाकडे ठेवायची, दोन-तीन वर्षं भाडं न देता राहायचं आणि जाताना रक्कम परत घ्यायची. कन्नडमध्ये याला भोग्य म्हणतात. कागदावर छान दिसतं. पण ते घर बँकेकडे गहाण असेल आणि मालकाने हप्ते थकवले तर दाराला बँकेची नोटीस लागते आणि तुमची रक्कम अडकते. नवख्या माणसाने लीजच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

घर बघायला जाताना काय तपासू?

पाणी, पाणी आणि पाणी. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि जवळ मोठी नदी नाही. कावेरीचं पाणी जवळपास शंभर किलोमीटरवरून वर चढवून आणतात. जुन्या भागांत ते येतं. बाहेरच्या भागांत बऱ्याच इमारती बोअर आणि टँकरवर चालतात. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटले तेव्हा चांगल्या चांगल्या सोसायट्यांत बादल्या मोजून पाणी मिळत होतं.

माझं पहिलं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. उजेड मस्त, गॅलरीसमोर गुलमोहर. नळ मी सोडूनसुद्धा बघितला नाही. आठ दिवसांत स्टीलच्या पातेल्यात पांढरा थर बसायला लागला, डाळ शिजेना, साबणाला फेस येईना आणि महिनाभरात केस गळायला लागले. पूर्ण बोअरचं पाणी होतं. आता मी घर बघायला गेलो की आधी बाथरूममध्ये जातो. नळाच्या तोंडाशी आणि गीझरच्या जोडावर पांढरी खपली दिसली की समजायचं. मग खाली वॉचमनला विचारायचं, "टँकर आठवड्यातून कितीदा?" टँकरचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे, हेही तिथेच.

आणखी एक. सप्टेंबर २०२२ च्या पावसात रिंग रोडकडच्या कित्येक वसाहतींत पाणी शिरलं होतं. त्या बाजूला तळमजल्याचं घर घेणार असाल तर भिंतीचा खालचा हातभर रंग वेगळा दिसतो का ते बघा.

विजेचं बिल कमी असलं तर कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत ठरावीक मर्यादेत, २०० युनिटपर्यंत, वीज मोफत मिळते आणि ती भाडेकरूलाही आहे. आधीच्या भाडेकरूचं आधार त्या मीटरला जोडलेलं असेल तर ते काढून घ्यायला सांगा, नाही तर तुमचं जोडलं जात नाही.

एसी लागत नाही. ती काळजी सोडा.

कन्नड येत नाही. चालेल?

ऑफिसात चालेल. इंग्रजी आणि हिंदीवर दहा वर्षं काढलेले लोक मी बघितलेत. पण बस, भाजी, सरकारी कचेरी, घरकामाच्या बाई, वरच्या मजल्यावरचे घरमालक, या सगळ्यांशी कन्नडच उपयोगी पडते. शिवाय समोरच्याने मोडकंतोडकं तरी बोलावं एवढीच इथल्या माणसाची अपेक्षा असते. आपण मुंबईत दुसऱ्यांकडून तीच करतो की!

पहिल्या आठवड्यात एवढं पाठ करा. एष्टु म्हणजे किती. बेकु म्हणजे हवं, बेडा म्हणजे नको, साकु म्हणजे पुरे. इल्ली म्हणजे इथे, अल्ली म्हणजे तिथे. गोत्तिल्ल म्हणजे माहीत नाही. "नन्गे कन्नड बरल्ला, स्वल्प स्वल्प" म्हणजे मला कन्नड येत नाही, थोडं थोडं. शेवटचं वाक्य हसून म्हणायचं.

मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द दोन्हीकडे आहेत. आजीला अज्जी म्हणतात. रिक्षावाल्याला "भैय्या" म्हटलं की तो मान वळवत नाही, "अण्णा" म्हटलं की आरशातून बघतो. फक्त "ताई" जपून वापरा, कन्नडमध्ये ताई म्हणजे आई. बाईंना अक्का म्हणा.

माझ्या दुसऱ्या घराच्या मालकीणबाई रोज जिन्यात विचारायच्या, "ऊटा आय्ता?" जेवण झालं का? मी पहिले चार महिने खरंखरं उत्तर देत होतो, काय खाल्लं तेसुद्धा. मग कळलं की हा आपला "काय, बरंय ना?" आहे. "आय्तु" म्हणायचं आणि पुढे जायचं.

मराठी म्हणून त्रास होतो का? सीमाप्रश्न वगैरे?

मला रोजच्या जगण्यात कधी झाला नाही. बेळगावचा विषय तापतो तेव्हा परिणाम दिसतो तो प्रवासावर. फेब्रुवारी २०२५ मध्ये असंच झालं आणि एसटीने कर्नाटकातल्या फेऱ्या काही दिवस थांबवल्या होत्या. अशा दिवसांत एमएच पाटीची गाडी घेऊन सीमेवरून जायचं टाळा, रेल्वेने जा. आणि हा विषय रिक्षात काढू नका, ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर तर अजिबात नको.

जेवणाचे हाल होतात का हो?

नाश्त्याची चैन असते. दर्शिनी म्हणजे उभ्याने खायचं स्वस्त हॉटेल. इडली-वडा, सेट डोसा, खारा भात. खारा भात म्हणजे तिखट उपमा बरं का, भात समजून मागवू नका. आपल्याकडे कटिंग तसं इथे "बाय टू", एक कॉफी दोघांत.

रात्री भाताचा कंटाळा येतो. पंधरा दिवसांनी पोटाला भाकरी आठवते. तेव्हा उत्तर कर्नाटकी खानावळ शोधा, पाटीवरही "खानावळी"च लिहिलेलं असतं. जोळद रोट्टी म्हणजे आपली ज्वारीची भाकरी, एण्णेगायी म्हणजे भरल्या वांग्याची सख्खी बहीण, बाजूला शेंगदाण्याची चटणी आणि दही. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मी वाढणाऱ्याला चुकून मराठीतच "अजून एक" म्हणालो. तो विजापूरकडचा होता, त्याला कळलं.

पोहे दुकानात अवलक्की या नावाने मिळतात, जाड हवे तर गट्टी अवलक्की. गोडा मसाला, मेतकूट, कोकम घरून आणा.

एमएच पाटीची गाडी आणू का?

पहिले सहा महिने तरी नको. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर तिथली नोंदणी करावी लागते, असा मोटार वाहन कायदा आहे. त्यासाठी आपल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणायची, कर्नाटकचा रस्ता कर भरायचा, मग महाराष्ट्रात भरलेल्या करातली उरलेली रक्कम परत मागायची. कर्नाटकचा कर चांगलाच चढा आहे. जुन्या दुचाकीसाठी एवढा खटाटोप परवडत नाही, ती भावाला द्या आणि इथली जुनी घ्या. चारचाकीचं ठरवण्याआधी घराला पार्किंग आहे का ते बघा.

आधार, मतदार यादी, गॅस?

भाडेकरार झाला की आधारचा पत्ता बदला, बाकी सगळं त्याच्यामागे येतं. मतदार यादीतला पत्ता अर्ज क्रमांक ८ ने बदलतो. पीएफचा यूएएन, म्हणजे कायमचा क्रमांक, तोच राहतो, नवीन काढू नका. महिलांनी आधारचं काम लवकर करावं, कारण कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत सरकारी साध्या बसचा प्रवास महिलांना मोफत आहे आणि त्यासाठी कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं.

बायको-मुलांना लगेच आणू का?

आधी तुम्ही एकटे या. शाळांचे प्रवेश जूनसाठी असले तरी बऱ्याच खासगी शाळांत ते आदल्या वर्षाच्या नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच सुरू होतात. बहुतेक शाळांत मुलांना कन्नड ही एक भाषा म्हणून घ्यावी लागते. लहान मुलं सहा महिन्यांत बोलायला लागतात, आठवी-नववीतल्या मुलाला मात्र जड जातं. त्याची दहावी तिकडेच होऊ दे.

एकटं वाटतं. मराठी माणसं भेटतात कुठे?

गांधीनगरमध्ये महाराष्ट्र मंडळ आहे, मॅजेस्टिकपासून चालत जाता येतं. गणपती, नाटकं, दिवाळी अंक, सगळं असतं. पण रविवारची संध्याकाळ फार वाईट असते हे खरं. मी लालबागेत जाऊन बसायचो. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत कडलेकाई परिशे भरते, शेंगांची जत्रा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग आणि बैलाच्या देवळाला रांग. गावाकडच्या माणसाला त्या दिवशी एकटं वाटत नाही.

दिवाळीला सुट्टी मिळते ना?

नरक चतुर्दशीची आणि बलिप्रतिपदेची सहसा मिळते. भाऊबीजेची नाही, ती रजा टाकून घ्यावी लागते. गुढीपाडव्याला इथे युगादी असते, त्यामुळे तो दिवस सापडतो. गौरी मात्र गणपतीच्या आदल्या दिवशी येते, आपल्या ज्येष्ठा गौरी इथे कुणाला सांगूनही कळत नाहीत. १ नोव्हेंबरला कन्नड राज्योत्सव असतो, त्या दिवशी सगळीकडे लाल-पिवळे झेंडे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीसाठी त्याच सकाळी बसा, दुपारी वेटिंग लागतं.

घर सोडताना डिपॉझिट पूर्ण मिळतं का?

पूर्ण नाही. इथे रंगकामाचा एक महिना कापायची रीतच आहे, मग तुम्ही एक वर्ष राहा की पाच. करारात ती ओळ असते. माझ्या तिसऱ्या घराच्या करारात होती, मी वाचली नव्हती. वर "साफसफाई" म्हणून आणखी काही हजार गेले आणि उरलेली रक्कम "नवीन भाडेकरू आला की देतो" या आश्वासनावर दोन महिने लटकली. तोवर नव्या घराचं डिपॉझिट मित्राकडून उसनं.

म्हणून राहायला जायच्या दिवशीच रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. भिंतीवरचे डाग, तुटलेली कडी, बेसिनची चीर, सगळं त्यात यावं, आणि तो त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवा. रंगाचे पैसे कापणार असाल तर साफसफाईचे वेगळे नाहीत, असं करारात लिहून घ्या. नोटीस दोन महिन्यांची असेल तर शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायला मालक तयार आहे का ते विचारा, पुष्कळ जण होतात. चौथ्या घरात मी हे सगळं केलं. मालकाने व्हिडिओ बघितला, कॅल्क्युलेटर काढला आणि चावी घेताना तिथल्या तिथे पैसे ट्रान्सफर केले. रंगाचा एक महिना मात्र कापलाच.